वैशाखात पेरलेलं वावर

अमरावतीच्या कापूसबाजारात त्या वर्षी फाटक्या पदराची बाई एकच होती, आणि ती गरीब नव्हती.

बाकी सगळ्यांचे पदर नवे होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याची किंमत आली होती. कुणब्यांच्या बायका जरीकाठी नेसून विहिरीवर जात. बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोपणांची हौस आली होती. आणि आमच्या घरमालकीणबाई मात्र पदराची टोकं जागोजाग फाडलेलं लुगडं नेसून, स्वतः बैलगाडी हाकत, दर बाजाराला भातकुलीकडून येत. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा केव्हाच गेलेला. नदीकाठचं वावर, चार बैल, आणि बाजाराजवळचं हे तीन खोल्यांचं घर, ज्यातल्या दोन खोल्यांत मी आणि बाबा भाड्यानं राहत होतो. मागची खोली त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती.

पदर फाटका का, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं, आणि मी दाराआड उभी होते ती तशीच उभी राहिले.

त्यांना कुणी काही नवं सांगितलं की त्या वाद घालत नसत. पदराचं टोक घेऊन त्याला गाठ मारत आणि म्हणत, "बांधली." सांगितलेलं खरं निघालं की ती गाठ दातांनी सोडत. खोटं निघालं की गाठीसकट तेवढं टोक टर्रकन फाडून सांगणाऱ्याच्या पुढ्यात टाकत आणि निघून जात. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्या दिवशी एक दलाल आमच्या ओसरीवर बसला होता. आठ दिवसांपूर्वी त्यानं "भाव पडणार, आजच देऊन टाका" असं सांगितलं होतं, आणि भाव चढला होता. बाई आल्या. पदर फाडला. चिंधी त्याच्या पानाच्या चंचीशेजारी ठेवली आणि बैलांना पाणी पाजायला गेल्या. दलाल घामानं भिजला. मी मुंबईच्या मिशनच्या शाळेत सहा वर्षं मडमांच्या हाताखाली काढली होती. तिथं खोटं बोलल्याला छडी मिळे, कोपऱ्यात उभं करत. पण चिंधीनं माणूस एवढा पांढरा पडलेला मी पाहिला नव्हता.

पुढं लढाई संपली, भाव कोसळले, तेव्हा बाजारात पुष्कळ पदर फाटके दिसू लागले. पण ते झिजून फाटलेले होते.

आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांनी तरुणपणी ख्रिस्ती धर्म घेतला होता. आई मी लहान असतानाच वारली, आणि म्हणून मी शाळेच्या वसतिगृहात वाढले. कापसाचा धंदा करणाऱ्या एका विलायती कंपनीनं बाबांना दुभाषी म्हणून अमरावतीला आणलं. साहेबाचं इंग्रजी मराठीत करायचं, शेतकऱ्यांचं मराठी इंग्रजीत. गावात आम्हाला घर कुणी देईना. या बाईंनी दिलं. देताना बाबांना तोंडावर सांगितलं, "मुनशीजी, तुमच्या हातचं पानी मी घेनार नाही. राग मानू नका. भाडं घेईन."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी त्या वेळी सतरा वर्षांची होते, आणि असं काही कुणी इतकं सरळ बोलू शकतं हेच मला खरं वाटत नव्हतं. मुंबईत लोक आमच्या हातचं पाणी घेत नसत ते काहीतरी कारण काढून. कुणाला तहान नसे, कुणाचा उपास असे.

बाई येताना स्वतःचा तांब्या आणत. आमच्या ओसरीवर बसून त्यातलं पाणी पीत आणि मला हाक मारत, "मडमाबाई! काय वाचून राहिली वो?"

मी पुस्तक मिटून आत जात असे. मला बोलायचा सरावच नव्हता. परक्यांसमोर तर नाहीच. शाळेत आम्हाला "समजलं?" असं विचारलं की उत्तर एकच असे, "हो." न समजलेल्या मुलीलाही "हो" म्हणायला लागे, नाहीतर साऱ्या वर्गाची सुट्टी लांबे. त्या "हो"ची मला इतकी सवय झाली होती की कधीकधी प्रश्न पुरा होण्याआधीच तो माझ्या तोंडून निघे. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

कापसाचा सौदा कसा होतो ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अडत्या आणि घेणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात, आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडानं एक अक्षर नाही. ज्याचा कापूस, तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत असतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. बाईंचा कापूस विकत असताना एकदा त्यांनी वाकून तो रुमालच उचलला.

बाबा तिथं होते, त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. सांगतानाही त्यांचा आवाज खाली गेला होता, जणू देवळात कुणी काही भलतंच केलं. त्या दोन पुरुषांचे हात तसेच एकमेकांत अडकलेले, उघडे पडलेले.

"बाई, हे काय करून राहिल्या?" अडत्या म्हणाला.

"पाहून राहिली," बाई म्हणाल्या. "माह्या कापसाची गोठ हाय ना? मंग मले दिसू दे."

त्यानंतर त्यांचा माल घेताना लोक रुमाल टाकत नसत. तोंडानं बोलत. तोही एक विनोद झाला होता बाजारात. "बुढीचा माल आला, रुमाल धुवाले टाका!"

त्यांनी माझ्याशी खरं बोलणं सुरू केलं ते तारेमुळं. गावात तारेचे खांब नुकतेच आले होते. बाईंनी एका खांबाला कान लावून पाहिला होता आणि त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ओसरीवर येऊन म्हणाल्या, "लोकं म्हन्तेत, तारेतून खबर जाते. कोठून जाते वो? आत पोकय तं नाही ते."

बाबा कचेरीत होते. मी दाराआडून म्हणाले, "जाते."

"तू पाह्यली?"

"आजच बाबांना अकोल्याहून आली. साहेब उद्या सकाळी इथं पोचणार."

बाईंनी पदराला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या अकोल्याच्या रस्त्यावर, नाक्यापाशी जाऊन बसल्या. साहेबाचा टांगा धुरळा उडवत आला तेव्हा तिथून परत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दातांनी गाठ सोडली. "शायेतली पोरगी खरं बोलते," असं त्यांनी बैलांना सांगितलं. मला नाही.

मी इतकी फुलले की दुसऱ्याच बाजाराला त्यांना आपण होऊन सांगितलं, पृथ्वी गोल आहे. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चित्रही दाखवलं. बाईंनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. आणि गाठ मारली, चांगली घट्ट.

आता ती गोष्ट येते, जी आठवली की अजून माझ्या हातातलं काम थांबतं.

कंपनीनं अमेरिकेच्या जातीची सरकी मागवली होती. तिचा धागा लांब, म्हणून विलायतेतल्या गिरण्यांना तीच हवी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी ती पेरावी असं ठरलं, आणि सरकीबरोबर कशी पेरायची त्याचा अमेरिकेतलाच इंग्रजी कागद आला. तो मराठीत करायचं काम बाबांकडे आलं. बाबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. कागद नाकाशी धरूनही त्यांना ओळ लागत नसे. हे साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून घरी आलेली सगळी भाषांतरं मी करत असे आणि बाबा त्याखाली सही करत.

कागदात लिहिलं होतं, सरकी एप्रिलात पेरावी.

मी शहाणपणा केला. भातकुलीच्या माणसाला एप्रिल काय कळणार? मी पंचांग काढलं, महिने जुळवले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "सरकी चैत्र-वैशाखात पेरावी. जमीन कोरडी असल्यास पाणी द्यावे." मला ते वाक्य आवडलंही होतं. एप्रिल हा शब्द तसाच ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. कुणाला तो कळलाच नसता.

एवढं मात्र खरं, की लिहिताना माझा हात क्षणभर थांबला होता. वैशाखात इथं अंगणात अनवाणी पाऊल टाकवत नाही, हे मला दिसत होतं. मी बाबांना विचारलं, "हे बरोबर असेल?" बाबा म्हणाले, "साहेबाच्या कागदात आपण आपली अक्कल घालायची नाही." मी पुढची ओळ लिहायला घेतली.

चैत्रात बाई तो कागद आणि कंपनीच्या सरकीची पिशवी घेऊन ओसरीवर आल्या. "वाच," म्हणाल्या.

मी वाचलं. चौथ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"वैशाखात?" त्या हसायला लागल्या, पार खोकला येईपर्यंत. "बाप्पा! वैशाखात तं इचू बी दगडाखालून बाहेर नाही निंघत. कोनं लिवलं हे?"

"बाबांनी."

"बोट दाखव."

मी हात मागे घेतला. पण त्यांनी धरलाच. मधल्या बोटाच्या पेरावर शाईचा डाग होता.

"तू लिवलं," त्या म्हणाल्या. हसू थांबलं होतं. कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, जणू ती पुन्हा ओळखता यावी म्हणून. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हे तुले खरं वाटते का?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी गाठ मारली आणि सरकी उचलून गेल्या.

पुढचे दोन महिने बाई बाजाराला आल्या नाहीत. उन्हाळ्यात कापसाचा बाजार तसाही थंड असतो, म्हणून मला काही वाटलं नाही. मग ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी त्यांची गाडी दारात उभी राहिली. त्या स्वतः उतरल्या नाहीत. गाडीवरूनच म्हणाल्या, "मुनशीजी, पोरगी नेतो. उद्या वापस आनून देतो."

बाबांनी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "तिले काही दाखवाचं हाय."

मी त्याआधी शेत पाहिलं होतं ते मुंबईहून येताना, दुरून. रस्ताभर मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. पदर पाठीमागे लोंबत होता आणि त्यात दोन गाठी होत्या. एक पृथ्वीची. दुसरी माझ्या कागदाची. ती केवढ्याची ते मला तोवर कळत नव्हतं.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी गाडी सोडली.

जमीन फाटली होती. काठी घातली तर पुरी आत जाईल अशा भेगा. आणि त्या भेगांच्या मधून, सरळ ओळींत, हात-हात अंतरावर, वाळलेल्या चिखलाची गोल आळी, नजर पोचेल तिथपर्यंत. प्रत्येक आळ्याच्या मधोमध एक काडी. काही काड्यांना दोन पानं फुटलेली होती आणि ती तंबाखूसारखी कुरकुरीत होऊन तिथंच चिकटली होती. मी खाली बसले. एक पान हातात घेतलं, त्याचा चुरा झाला.

"हे..." मी म्हणाले.

"तुही पऱ्हाटी," बाई म्हणाल्या. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड.

मला तेव्हाही पुरतं कळलं नव्हतं. मला वाटलं, उन्हानं जळालं, एवढंच. मग माझं लक्ष त्या आळ्यांकडे गेलं. प्रत्येक आळं म्हणजे कुणीतरी वाकून ओतलेला एक तांब्या. एकदा नाही, रोज.

"पाणी कुठून आणलं?"

त्यांनी मला विहिरीवर नेलं, पोहरा काढला आणि ओंजळीत पाणी ओतलं. मी घोट घेतला आणि थुंकले. खारट होतं. त्या भागात विहिरींचं पाणी असंच, हे मला माहीत नव्हतं. "हे पाजलं असतं तं दुसऱ्याच दिसी मेली असती," त्या म्हणाल्या, आणि नदीकडे चालू लागल्या.

पेढी नदी कोरडी पडली होती. पात्रातल्या वाळूत खड्डा केला होता, माणूसभर खोल. त्याला तिकडे झिरा म्हणतात. तळाशी पाझरणारं तेवढंच काय ते गावाचं गोडं पाणी. एक बाई आत उतरून नरोटीनं ते खरवडून घागरीत भरत होती. वर चार बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं.

"हेच का थे लिवनारी?" एकीनं विचारलं.

"लहानच हाय वो," दुसरी म्हणाली.

तिसरी, वयानं मोठी, सरळ माझ्याशीच बोलली. "महिनाभर आमी कोसभर जाऊन पानी आनून राहिलो, मडमाबाई. इथलं पानी सरलं. तुह्या कागदानं पेलं."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. मी अमरावतीत सावलीत बसून, पाय खाली सोडून, सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली होती, आणि या बायकांनी लेकरांना मोजून पाणी दिलं होतं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"मंग हो काहून म्हन्ली?" बाईंनी विचारलं.

मुंबईच्या शाळेत या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. मी दुसरंच विचारलं, "बाकीच्यांनी? कंपनीची सरकी तर पुष्कळांनी घेतली होती."

"बाकीच्याइनं म्हशीले चारली," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. "दूध चांगलं देल्लं म्हशीनं."

म्हणजे साऱ्या मुलखात माझ्या कागदाप्रमाणे वागलं होतं एकच माणूस. जी बाजारातला रुमाल उचलून बघे, जी तारेच्या खांबाला कान लावे, तीच.

परत येताना धुऱ्यावर त्या थांबल्या आणि एकदाच काय ते बोलल्या. "मले बी वाटलं होतं, हे खोटं हाय. सारी जिनगानी मिरगात पेरलं मी. पन मंग वाटलं, कापूस सोन्याच्या मोलानं जाईन हे कोनाले खरं वाटलं असतं? तारेतून खबर येईन हे मले खरं वाटलं होतं का? साऱ्या उलट्या गोठी खऱ्या होऊन राहिल्या. मंग हे बी असंन. अन् तू हो म्हन्ली." त्या थांबल्या. "पानी नाही घेत मी तुमच्या घरचं. शबूद घेतला."

माझी नजर त्यांच्या पदरावर गेली. आता मला कळलं होतं ती दुसरी गाठ केवढ्याची ते. ती फाडून त्या माझ्या पुढ्यात टाकतील, त्या बायकांच्या देखत टाकली असती तरी चाललं असतं, असं मला वाटत होतं. त्यांनी माझी नजर ओळखली.

"हे नाही फाडाची," त्या म्हणाल्या.

"का?"

"खोटं बोलली असतीस तं फाडली असती. खरं निंघालं असतं तं सोडली असती. तू पाह्यलंच नाही अन् बोलली. त्याच्यासाठी काय करा लागते, थे मले माईत नाही."

मृगाचं पाणी आलं तेव्हा त्यांनी त्याच वावरात आपल्या मडक्यातली जुनी सरकी शेणकाल्यात घोळून पेरली. पीक आलं. त्यांच्या गाडीतून जाऊन मी ते पाहून आले. दर बाजाराला त्या येत राहिल्या, ओसरीवर बसत, स्वतःच्या तांब्यातलं पाणी पीत, मला "मडमाबाई" म्हणत. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी केला नाही. गाठ मात्र पदराला तशीच होती. लुगडं धुतलं की ती आणखी आवळे. मी दाराआडून आधी पदराकडे पाही, मग त्यांच्याकडे.

पुढच्या फाल्गुनात आमच्या पुढच्या खोलीत दोन गोण्या येऊन पडल्या. मुंबईच्या छापखान्यातून आलेले कागद. आता कंपनी साऱ्या जिल्ह्यात सरकी वाटणार होती, आणि हे कागद तिच्याबरोबर जायचे होते. मी एक कागद उचलला. चौथी ओळ माझी होती. "जमीन कोरडी असल्यास पाणी द्यावे." माझंच वाक्य, पण शिशाच्या अक्षरांत ते माझ्यापेक्षा कितीतरी शहाणं दिसत होतं. क्षणभर मलासुद्धा ते खरं वाटलं. त्याची मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही.

मी बाबांना सांगितलं. वावर, झिरा, सगळं आधीच सांगितलं होतं. ते ऐकत राहिले. "छापलंय आता," म्हणाले. "छापलेलं कोण खोडणार? आणि खोडलं तर विचारतील, गेल्या साली चुकलं कसं. मग माझ्या डोळ्यांचा विषय निघेल. तू कुठं जाशील, मी कुठं जाईन?" त्यात खोटं काहीच नव्हतं. ते कचेरीत गेले.

तो बाजाराचा दिवस होता. बाई आल्या, गोण्या पाहिल्या. "काय हाय हे?"

मी कागद दिला. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण त्यांनी वरून एक, दोन, तीन, असं बोट आणत चौथ्या ओळीवर ठेवलं. "हेच ना?"

"हो," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. "माह्या गावात आता कोनी नाही पेरनार वैशाखात," एवढंच म्हणाल्या. "बाकीचे गावं हायेत."

मी आत गेले. बोरू आणि दौत घेऊन बाहेर आले. ओसरीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी, मी पहिल्यांदाच बसले. चौथ्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: "मृगाच्या पाण्यावर पेरावी." दुसरा कागद घेतला. तिसरा. बाई ओले कागद उचलून उन्हात मांडत होत्या, वर खडे ठेवत होत्या. पण मांडण्याआधी प्रत्येक कागदावर बोट टेकवून बघत, बरोबर चौथीच खोडली ना. एकदा मी चुकून पाचवी खोडली. त्यांनी तो कागद माझ्यापुढं परत सरकवला.

तिसऱ्या प्रहरी बाबा लवकर आले. आम्ही दोघी थांबलो. त्यांनी एक कागद उचलून नाकाशी नेला, खूप वेळ धरला. रेघ त्यांना दिसली असावी, अक्षर नाही.

"शाई पातळ आहे," ते म्हणाले. "दुसरी कर."

तीन दिवस लागले; तेवढे दिवस बाई मागच्या खोलीतच राहिल्या. कागद गेले. साहेबाला बाबांनी काय सांगितलं आणि साहेब त्यांना काय बोलला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं मी पाहिलं. नोकरी तेवढी राहिली.

शेवटचा कागद खोडून झाला तेव्हा माझी तीन बोटं काळी झाली होती. बाईंनी ती पाहिली. मग एक कागद उचलून माझ्यासमोर धरला, आणि गेल्या चैत्रात विचारलं होतं तसंच विचारलं, "हे नवं लिवलं थे तुले खरं वाटते का?"

ओठांवर "हो" आला होता. मी तो गिळला.

"वाटत नाही, बाई," मी म्हणाले. "पाहिलंय. तुमच्या वावरात, त्यानंतर मृगात पेरलेलं उगवलं ते."

त्यांनी पदर पुढं घेतला. गाठ वर्षभराची, आवळून दगड झालेली. दातांना दाद देईना. त्यांनी ती थोडी थुंकीनं भिजवली, पुन्हा दातांत धरली, आणि सोडवली. टोक चुरगळलेलं होतं, पण अख्खं होतं. मी ते बघतच राहिले.

मग त्यांच्या हाताला दुसरी गाठ लागली.

"हे पृथ्वीची," त्या म्हणाल्या. "गोल हाय म्हन्ली होतीस. पाह्यलं का तुनं?"

"नाही."

"मंग राहू दे," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि बैल जुंपायला गेल्या.